तुमचा पीसी, तुमचे प्रश्न: आय७ घेऊ की कार्ड?

यावेळी गेमिंग पीसीवर एवढी पत्रं आलीत की प्रिंटर आणि वायफायवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार, राग मानू नका.

प्रश्न : दादा, मी डोंबिवलीला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टॉवरसाठी ७० हजार जमलेत, मॉनिटर आहे घरात (१०८०पी, १४४ हर्ट्झ). लॅमिंग्टन रोडवरून एक कोटेशन आणलंय: आय७ १४७००एफ, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅमची एक स्टिक, ५१२ जीबी एसएसडी, जीटीएक्स १६५० ४ जीबी, आणि कॅबिनेटबरोबर ५०० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) फ्री. दुकानदार बोलला आय७ आहे, पाच वर्षं बघायला नको. व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि सायबरपंक खेळायचंय. घेऊ का?

उत्तर : नको घेऊस. आय७ ऐकलं की घरचे खूश होतात आणि दुकानदाराला ते बरोबर माहितीय. पण गेममध्ये स्क्रीनवर जे दिसतं ते काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, आणि या कोटेशनमधला सगळ्यात लंगडा पार्ट नेमका तोच आहे. जीटीएक्स १६५० आलं २०१९ मध्ये, मेमरी ४ जीबी. व्हॅलोरंट त्यावर मस्त पळेल, जीटीए ५ पण चालेल, सायबरपंक मात्र सगळी सेटिंग खाली आणूनही रखडत रखडत चालणार आणि तो २० कोअरचा प्रोसेसर नुसता बघत बसणार. बरं त्याला पूर्ण पळवायचं म्हटलं तरी एच६१० बोर्डाला झेपत नाही, कारण हा प्रोसेसर जोर लावतो तेव्हा इंटेलच्याच आकड्याप्रमाणे २१९ वॉटपर्यंत मागतो आणि स्वस्त बोर्डावरचा पॉवर सेक्शन तापला की स्पीड आपोआप खाली येतो. म्हणजे जास्तीचे पैसे ज्यासाठी दिले तेच मिळत नाही.

माझं गणित साधं आहे. आधी मॉनिटर बघायचा, मग गेम, मग त्यांना पुरेल असं कार्ड, आणि उरलेल्या पैशात प्रोसेसर. तुझा मॉनिटर १०८०पी आहे, तेव्हा टॉवरच्या पैशातले चाळीस टक्क्यांच्या आसपास कार्डाला दे. आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०, नाहीतर एएमडीचं आरएक्स ७६००, यातलं जे त्या दिवशी बऱ्या भावात मिळेल ते. तिन्ही ८ जीबीची आहेत, १०८०पीला आज चालतात, नवीन गेमला टेक्स्चर अल्ट्रावरून एक पायरी खाली आणावं लागेल कधीकधी, चालतंय. प्रोसेसर आय५ १२४००एफ किंवा रायझन ५ ५६००, दोन्ही ६ कोअर १२ थ्रेडचे, या कार्डांना पुरून उरतात. दोन्हींत इनबिल्ट ग्राफिक्स नाही एवढं लक्षात ठेव, म्हणजे उद्या कार्ड सर्व्हिस सेंटरला गेलं तर पीसी पण बंद.

आता मित्र सांगतील की एएम४ (रायझन ५ ५६०० ज्यात बसतो तो बोर्डावरचा सॉकेट) जुना झाला, एएम५ घे. बरोबर आहे त्यांचं, एएम५ बोर्डावर पुढचे प्रोसेसर बसतील, एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही हा सॉकेट चालवू असं सांगितलंय. पण एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते आणि २०२५ संपता संपता रॅमचे भाव असे काही चढले (एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलली, आणि मायक्रॉनने तर आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं) की ७० हजारात ती हौस कार्डाच्या जिवावर येते. डीडीआर४ पण महागलीय, पण कोणाकडे जुनी चांगली जोडी असेल तर बिनधास्त घे, रॅम सहसा दगा देत नाही. आणि १६ची एक स्टिक नको, ८च्या दोन घे आणि बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या नि चौथ्या स्लॉटमध्ये लाव, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकदम) चालेल. एका स्टिकवर काही गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगलाच पडतो आणि लोक कार्डाला शिव्या देत बसतात.

आता तो फ्री एसएमपीएस. हा तू तिथेच ठेवून ये, कॅबिनेट वेगळं घे. दुकानात उभा असशील तेव्हा त्याच्यावरचा स्टिकर वाच. वर मोठ्ठ्या अक्षरात ५०० वॉट असतं, खाली बारीक टेबल असतं, त्यात १२ व्होल्टचा कॉलम बघ. तिथे समजा १६ अँपिअर लिहिलंय, तर १२ गुणिले १६, झाले १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही या १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे तुझ्या कामाचे ५०० नाहीत, १९२ आहेत. चांगल्या ५५० वॉटवाल्यावर तिथे ४५च्या आसपास दिसेल, म्हणजे ५४० वॉट. हातात घेऊन वजन पण बघ, फ्रीवाला बहुतेक वेळा रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. ८० प्लस ब्राँझ हा शिक्का असावा, पण तो फक्त वीज किती वाया जात नाही ते सांगतो, क्वालिटीची हमी नाही, म्हणून पाच वर्षं वॉरंटी देणारी कंपनी बघ. स्वस्तातला एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्ड घेऊन जातो.

बाकी एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई घे, ५१२ मध्ये तीन मोठे गेम टाकले की डिलीट करायला सुरुवात. कॅबिनेट पुढून जाळीवालं घे, पुढे अखंड काच असली की दिसतं भारी पण आपल्या मे महिन्यात आत भट्टी.

आणि कोटेशन एका दुकानाचं घेऊन थांबू नकोस. लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं) रविवारी जाऊ नकोस, बरीचशी दुकानं बंद असतात. चार ठिकाणी तीच यादी दाखव, ऑनलाइनचा भाव मोबाईलवर उघडा ठेव. कोणी बोललं की बिलाशिवाय घे, १८ टक्के जीएसटी वाचतो, तर हसून पुढे हो, कारण पक्कं बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी तू कोण आणि दुकानदार कोण. बॉक्सवरचा, कार्डवरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर तिथल्या तिथे जुळवून बघ. दुकानातच असेंबल करून घेतलंस तर घरी नेताना ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या बॉक्समध्ये घाल, दादरला गाडी बदलून डोंबिवलीपर्यंत धक्के खात जाताना बोर्डाचा स्लॉट तुटू शकतो. आणि संध्याकाळी सहाच्या फास्टने तर मुळीच नको, दुपारी निघ.

प्रश्न : लालबागला जुन्या चाळीत राहतो. पीसी चालू असताना कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात, अनवाणी असलो की जास्त. एसएमपीएस बदलला, नव्यावर पण तेच. दुकानदार म्हणतो अर्थिंग नाही, वायरमन म्हणतो अर्थचा पॉइंट न्यूट्रलला जोडून देतो, प्रश्न मिटला. जोडू का?

उत्तर : आधी वायरमनला थांबवा. हे काम त्याच्याकडून करून घेऊ नका.

दुकानदार बरोबर बोलतोय, एसएमपीएसमध्ये काही बिघाड नाही. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून एकेक छोटा कपॅसिटर पत्र्याच्या बॉडीला जोडलेला असतो. त्यातून जो किंचित करंट येतो तो अर्थच्या वायरने निघून जायला पाहिजे. अर्थच नसेल तर तो जाणार कुठे, कॅबिनेट २३०च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकत राहतं आणि तुम्ही हात लावला की तो करंट तुमच्यातून जमिनीत जातो. करंट अगदी थोडा असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात, पण पीसी चालू ठेवून टीव्हीची एचडीएमआय केबल लावायला गेलात तर ठिणगी पडून कार्डाचा किंवा टीव्हीचा पोर्ट उडू शकतो.

न्यूट्रलला जोडलं की झिणझिण्या थांबतील हे खरं. पण मीटरपासून खोलीपर्यंत कुठेही ती न्यूट्रल वायर सुटली, आणि चाळीतल्या जुन्या वायरिंगला हे काय नवीन नाही, की पूर्ण २३० व्होल्ट तुमच्या कॅबिनेटवर, फ्रिजच्या दारावर, जे जे त्या पॉइंटला असेल त्यावर येणार. नळाच्या पाइपला जोडायचा सल्ला पण कोणीतरी देईलच, तोही नको, मध्ये कुठे प्लास्टिकचा पाइप टाकलेला असला की अर्थिंग मिळत नाही, उलट शेजारच्यांच्या नळाला करंट.

करायचं काय? आधी एक फुकटातली गोष्ट बघा, पीसीची थ्री-पिन कुठल्या टू-पिन अडॅप्टरमधून किंवा स्वस्त एक्स्टेन्शनमधून जातेय का, कारण भिंतीत अर्थ असूनही ती तिथे तुटते. मग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला मल्टीमीटरने मोजायला सांगा: फेज ते अर्थ २३०च्या आसपास यायला हवं, न्यूट्रल ते अर्थ जेमतेम दोन-चार व्होल्ट. येत नसेल तर मीटर रूममध्ये बिल्डिंगचं अर्थिंग आहे का बघायचं, बहुतेक वेळा खाली असतं पण वर खोलीपर्यंत दोनच वायरी आलेल्या असतात, तिसरी ओढून घ्यावी लागते. तेव्हाच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पण बसवून घ्या, घरात लहान मुलं असतील तर तो पीसीपेक्षा महत्त्वाचा. तोपर्यंत पायात चप्पल, आणि कुठलीही केबल लावताना मेन स्विच बंद करून प्लग काढायचा.

प्रश्न : मुलगी अकरावीला आहे, गेमिंग पीसी पाहिजे म्हणून मागे लागलीय. आमचं भांडुपला वन बीएचके. लॅपटॉप घेतलेला बरा नाही का? आणि लाइट बिल किती वाढेल?

उत्तर : ताई, बारावीनंतर ती हॉस्टेलला जायची शक्यता असेल तर लॅपटॉप, नाहीतर पीसीच. लॅपटॉपवर ४०६० लिहिलेलं असलं तरी ते डेस्कटॉपच्या ४०६०एवढं नसतं, शिवाय पीसीमधलं काही बिघडलं तर तेवढाच पार्ट बदलता येतो. बिलाचं म्हणाल तर अशा पीसीला मॉनिटरसकट गेम चालू असताना अडीचशे वॉट धरा, म्हणजे चार तासाला एक युनिट, रोज चार तास खेळली तर महिन्याला ३० युनिट. तुमचं बिल आत्ता २९० युनिटवर असेल तर मात्र ते ३००च्या वरच्या स्लॅबमध्ये जाईल, ते बघून घ्या. रोज चार तास खेळू द्यायचं का हे माझ्या खात्यात येत नाही. यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा घेऊ नका, तो सहसा ३६० वॉटच देतो आणि लाइट गेल्यावर गेमच्या लोडवर लगेच मान टाकतो, हजार व्हीएच्या वरचा घ्या.

प्रश्न : वसईत एक जण "आय७, १६ जीबी, गेमिंग पीसी" १५ हजारात विकतोय, आणि दुसरा आरटीएक्स ३०६० सेकंडहँड देतोय पण मायनिंगचं (क्रिप्टो कमवायला दिवसरात्र चालवलेलं) असेल अशी भीती वाटते.

उत्तर : पहिल्याला विचारा कितव्या जनरेशनचा आय७. उत्तर येईल २६०० किंवा ३७७०, म्हणजे २०११-१२चा माल, खाली एच६१ बोर्ड. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. टायपिंगला ठीक, गेमिंगला नाही.

३०६० मात्र बघायला जा. इथेरियम या क्रिप्टोचं कार्डांवरचं मायनिंग सप्टेंबर २०२२मध्येच बंद झालं आणि मायनिंगमध्ये चाललं म्हणून कार्ड मेलेलं असतं असं काही नाही, जातात ते पंखे आणि थर्मल पॅड. त्याच्याच पीसीवर अर्धा तास एखादा जड गेम चालवायला सांगा, पंख्याचा खरखर आवाज, स्क्रीनवर रंगीत ठिपके, तापमान ८५च्या वर, यातलं काहीही दिसलं तर परत या. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडून मेमरी १२ जीबी आहे का बघा, जुन्या कार्डाला नवीन नाव देऊन विकतात ती बरीचशी तिथे पकडली जातात. चालवून दाखवायला तयार नसेल तर भाव कितीही कमी असू दे, घेऊ नका. समुद्राजवळच्या घरातलं असेल तर पोर्टवर हिरवट गंज आहे का तेही टॉर्च मारून बघा.

प्रश्न : ठाण्याहून लिहितोय. रायझन ५ ७६०० आणि १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, स्वतः जोडला, पण जुन्या मॉनिटरपेक्षा काहीच फरक वाटत नाही, गेम पण अडकतात. कार्ड खराब आलंय का?

उत्तर : कार्ड परत करायला धावू नका. मॉनिटरची केबल बोर्डच्या पोर्टला लावलीय का बघा, तुमच्या प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स आहे म्हणून डिस्प्ले येतो आणि कोणाला संशय येत नाही. ती खाली कार्डाच्या आडव्या पोर्टला लावा, जमलं तर डिस्प्लेपोर्टने. मग विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६०चं १६५ करा, ते बऱ्याचदा आपणहून होत नाही. बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर नेणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० म्हणून घेतलेली रॅम ४८००वर चालत राहते. एक्स्पो लावल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहील, रॅम ट्रेनिंग चालू असतं, घाबरून बटण दाबू नका. एवढं करूनही गेम अडकले तर कार्डाचं मॉडेल आणि गेम चालू असतानाचं तापमान लिहून पाठवा, मग बघू.