पोळ्याची वाट पाहू नका

शेजाऱ्याच्या मोकाट कुत्र्याबद्दल आलेली पत्रं इतकी सारखी आहेत, की सेलू तालुक्यातल्या एका ताईंना दिलेलं उत्तर बाकीच्यांनाही लागू पडेल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गेल्या वर्षी पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, शेजाऱ्याचं कुत्रं त्यांच्या सासऱ्यांच्या पोटरीला चावलं. ठाण्यात अर्ज दिला. भावकीतल्या चौघांनी बसून पाचशेच्या स्टँपवर शेजाऱ्याकडून ‘यापुढं कुत्रं बांधून ठेवीन’ असं लिहून घेतलं. महिनाभर बांधलं, मग पुन्हा मोकळं. या जूनमध्ये ते मुलीच्या स्कूटीमागं लागलं, ती पडली, कोपर सोलवटलं. आता शेजारी म्हणतो, कुत्रं माझं नाहीच, गल्लीतलं आहे. आणि ताई विचारतात, “पोळ्याला वर्ष भरेल, तोवर वाट पाहून मग केस केली तर चालेल का?”

नाही चालणार, ताई. तुमच्या सगळ्या पत्रात महत्त्वाचं वाक्य हेच आहे, आणि ते तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय.

जनावर ताब्यात असताना त्याच्यापासून माणसाला धोका होऊ नये एवढी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंतची कैद आहे, त्याची दखल न्यायालय एका वर्षाच्या आतच घेऊ शकतं. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 514. हे वर्ष इंग्रजी तारखेनं मोजतात. गेल्या साली (2025) पोळा 22 ऑगस्टला होता, कर 23 ला. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळं पोळा सप्टेंबरात गेलाय. तुम्ही पोळ्यापर्यंत थांबलात तर मुदत संपून दोन-अडीच आठवडे झालेले असतील. त्यातही यंदाचा 23 ऑगस्ट रविवार आहे. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर थोडी सवलत मिळते, पण तुम्ही शुक्रवार, 21 ऑगस्ट हाच शेवटचा दिवस धरा.

“पण आम्ही अर्ज तर तेव्हाच दिला होता,” असं तुम्ही म्हणाल. अर्जावर आवक-जावकचा शिक्का मारून घेतला आणि काम झालं असं समजून घरी आलात. तिथंच चुकलं. वर्ष मोजताना बघतात ती तारीख दोनपैकी एक असते: याच सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली पोलिसांनी खबर नोंदवली ती, नाहीतर कलम 223 खाली तुम्ही न्यायालयात फिर्याद दाखल केली ती. शिक्क्याचा अर्ज या दोन्हींत बसतो का, यावर वकिलाला वाद घालता येईल. पण तो वाद घालायची वेळ स्वतःवर का आणायची? कलम 291 चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवायलाच हवा. ‘ही किरकोळ बाब आहे, अदखलपात्र होईल’ असं ठाण्यात कुणी म्हणालं असेल तर ते चूक होतं, आणि तुम्ही त्याच दिवशी एफआयआरची प्रत मागायला हवी होती. सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, शेतं वाहून गेली, तेव्हा कुणाला कोर्टाचं सुचणार, हे मला कळतं. पण दिवाळी झाली, संक्रांत झाली, पाडवा झाला. त्यातल्या एकाही महिन्यात ठाण्याची पायरी पुन्हा चढला नाहीत, याचा मला राग येतो, कारण सासरे अजून त्याच गल्लीतून चालतात.

आता करायचं ते असं. या आठवड्यात ठाण्यात जाऊन तक्रार द्या, तोंडी चालते, लेखी असेल तर बरं. नोंदवून घेतली नाही तर तोच मजकूर परभणीला पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. कलम 173 च्या चौथ्या पोटकलमात ही सोय आहे. तिथून काही हालचाल झाली नाही, तर 10 ऑगस्टच्या आसपास वकिलामार्फत कलम 223 ची फिर्याद दाखल करून टाका. नव्या कायद्यात दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं, त्यात तारखा जातील, जाऊ द्या. मुदतीला दाखल केल्याचा दिवसच धरतात. चुकून मुदत गेलीच तर कलम 519 खाली उशीर माफ करायची विनंती करता येते, पण कारण पटावं लागतं, आणि ‘पोळ्याची वाट पाहत होतो’ हे कारण कुठल्याही न्यायाधीशाला पटणार नाही.

जूनमधला प्रकार नवा आहे, त्याचं वर्ष वेगळं सुरू झालंय. कुत्रं चावलंच पाहिजे असं 291 मध्ये नाही, त्यामुळं तोही तक्रारीत लिहा. पण नुसत्या त्यावर मी फार विसंबणार नाही. जोर आहे तो करीच्या दिवसात, कारण त्याचा दवाखान्याचा केसपेपर आहे, रेबीजच्या लशीचं कार्ड आहे, आणि तो स्टँप आहे.

त्या स्टँपविषयी तुम्ही वैतागून लिहिलंय की ‘त्या कागदाचा काही उपयोग झाला नाही’. कुत्रं बांधायला झाला नसेल. पण शेजारी आज म्हणतोय कुत्रं माझं नाही, आणि गेल्या वर्षी त्यानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलंय की माझं कुत्रं बांधून ठेवीन. मालकी कागदोपत्री कुणाची, परवाना आहे का, पट्टा कुणी बांधला, हे सगळं दुय्यम आहे. कलमाला ताबा पुरतो, आणि ताबा त्यानं कबूल केलाय. कुत्र्यापासून धोका आहे हे त्याला ठाऊक होतं, हेही त्याच कागदातून निघतं. अस्सल कागद तुमच्याकडं नाही, मध्यस्थाकडं आहे, आणि तुमच्याजवळ फक्त मोबाईलमधला फोटो आहे, हे वाचून मी कपाळाला हात लावला. आजच जाऊन तो आणा. उद्या भावकीतलं वारं फिरलं तर तो सापडणार नाही. त्यात तुम्ही ‘पुढं तक्रार करणार नाही’ असं लिहून दिलं असलं तरी घाबरू नका. गुन्ह्याची तक्रार दाबायचा करार कायद्यात टिकत नाही.

गल्लीतल्या बाकीच्यांनाही त्रास असेल, दूधवाला, शाळेची पोरं, तर त्यांच्या सह्यांनिशी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडं सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करा. धोकादायक जनावर बांधून ठेवायचा आदेश ते देऊ शकतात. याला वर्षाची अट नाही, आणि कुत्रं खरोखर आवरायचं असेल तर हाच रस्ता लवकर पोचवतो. आदेश मिळेलच असं मी म्हणणार नाही. कार्यालयावर आणि सह्यांवर बरंच अवलंबून आहे.

भरपाईचं मी फार बोलत नाही. दिवाणी दावा तीन वर्षांत लावता येतो, खर्चाची बिलं जपा, पुढचं पुढं. ‘एका दाताच्या खुणेला दहा हजार’ हा जो संदेश सगळीकडं फिरतोय, तो पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचा 2023 चा निकाल आहे, तिथल्या सरकारांनी मोकाट जनावरांपायी द्यायच्या भरपाईबद्दलचा. तुमच्या शेजाऱ्याला तो लागत नाही. भटक्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयात 2025 मध्ये जे आदेश झाले, त्यांचाही पाळीव कुत्र्याच्या मालकाशी संबंध नाही. त्यांच्या मागं लागून दिवस घालवू नका.

निकालाला किती वर्षं लागतील, हे मला विचारू नका. मुंबईत 2010 साली पाळीव रॉटवायलर एका माणसाला चावला, आणि गिरगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली ती 2023 मध्ये. सहा महिन्यांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला तेरा वर्षं. ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे, आणि म्हणूनच आपल्या हातात असलेले दिवस तरी आपण वाया घालवायचे नसतात.

शेवटी तुमच्या दिरांविषयी. ते म्हणतात भाकरीतून काहीतरी घालून विषय मिटवतो. त्यांना आज संध्याकाळी बसवून सांगा: जनावराला विष घालून मारणं न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शेजाऱ्याला जास्तीत जास्त सहा महिने, तुमच्या दिरांना पाच वर्षं. शिवाय मोकळं फिरायचं हे त्या मुक्या जिवानं ठरवलेलं नाही. मध्यस्थाकडून कागद आणायला मात्र दिरांना जरूर पाठवा, आणि ठाण्यात जाताना केसपेपर, लशीचं कार्ड, गेल्या वर्षीचा शिक्क्याचा अर्ज, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स बरोबर असू द्या.