बागेतील अवजारांच्या खोलीसाठी तात्पुरती वीज: कृषी सल्ला

प्रश्न: बागेतील अवजारांची खोली घरापासून सुमारे ३० मीटरवर असून ती पत्र्याची आहे. काढणीचे दोन महिने तिथे दोन दिवे लावायचे आहेत आणि मोबाइल व फवारणी पंपाची बॅटरी चार्ज करायची आहे. घरातून साधी वायर ओढावी, की घरातच १२ व्होल्टची बॅटरी ठेवून तिची वायर खोलीपर्यंत न्यावी?

उत्तर: आपण सुचवलेल्या दोन्ही मार्गांऐवजी बॅटरीच खोलीत ठेवावी, असा माझा सल्ला आहे. मात्र त्याआधी विजेची नेमकी गरज किती आहे, हे कागदावर मांडून पाहावे.

९ वॅटचे दोन एलईडी दिवे रोज चार तास लावले, तर ७२ वॅट-तास वीज लागते आणि दोन मोबाइलसाठी सुमारे ३० वॅट-तास धरले, तर एकूण गरज शंभराच्या आसपास येते. फवारणी पंपाची १२ व्होल्ट, १२ ॲम्पिअर-तासाची बॅटरी भरण्यास मात्र एकटीलाच, चार्जिंगमधील घट धरून, १८० वॅट-तासांपर्यंत वीज लागते, म्हणजे सगळ्या व्यवस्थेचा आकार या एका गोष्टीमुळे जवळजवळ तिप्पट होतो. पंप तसाही उचलून नेण्याजोगा असल्याने तो रात्री घरी आणून चार्ज करावा, म्हणजे खोलीची गरज अगदी लहान राहते.

बॅटरी घरात ठेवून वायर लांबवण्यातील अडचण अशी, की कमी व्होल्टेजवर तेवढ्याच कामासाठी जास्त प्रवाह लागतो आणि प्रवाह जितका जास्त, तितके तारेत व्होल्टेज अधिक घटते. ३० मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन ६० मीटर तार लागते. ती १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची असल्यास तिचा रोध सुमारे १.१ ओहम भरतो. केवळ दोन दिव्यांसाठीच्या दीड ॲम्पिअर प्रवाहाला तीत सुमारे १.६ व्होल्ट खर्च होतात आणि प्रवाह ५ ॲम्पिअर झाला, तर १२ पैकी साडेपाच व्होल्ट वाटेतच संपतात. बॅटरी खोलीत असल्यास दिव्यापर्यंतचे अंतर तीन-चार मीटरच राहते आणि हा प्रश्नच मिटतो.

वरील गरजेसाठी १२ व्होल्ट, ४० ॲम्पिअर-तासाची बॅटरी योग्य ठरेल. तीत ४८० वॅट-तास साठतात, परंतु लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणून वापरण्याजोगे २४० वॅट-तासच धरावेत. ते दोन दिवस पुरतात. छतावर ५० वॅटचे सौर पॅनेल लावल्यास चांगल्या उन्हात, घट वजा जाता, दिवसाला सुमारे दीडशे वॅट-तास मिळू शकतात. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होऊ न देणारे उपकरण, असलेच पाहिजे आणि दिवे १२ व्होल्ट डीसीचेच घ्यावेत. त्यासाठी इन्व्हर्टर लावू नये, कारण त्यातून पुन्हा २३० व्होल्ट निर्माण होतात आणि तो धोका टाळण्यासाठीच तर ही मांडणी केलेली असते.

१२ व्होल्टचा सहसा धक्का बसत नाही, म्हणून अनेक जण निष्काळजी होतात, याची मला फार चिंता वाटते. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला, तर शेकडो ॲम्पिअर प्रवाह वाहून पाना लाल होतो आणि वायरीचे आवरण पेट घेऊ शकते. त्यामुळे धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १० ॲम्पिअरचा फ्यूज बसवावा व पुढील वायर किमान १.५ चौरस मिलिमीटरची असावी. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून ती हवेशीर जागी, फळीवर आणि इंधन, खते व कीटकनाशके यांपासून दूर ठेवावी.

काही कारणाने घरातूनच २३० व्होल्टची वायर न्यावी लागली, तर पत्र्याच्या खोलीत विशेष सावध राहावे. पत्र्याच्या धारेवर वायर घासून आवरण कापले गेले, तर संपूर्ण खोलीत वीज उतरते आणि ओल्या पायांनी दाराला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून वायर अर्थिंगसह तीन तारांची, जाड रबरी आवरणाची आणि मध्ये एकही जोड नसलेली असावी. पत्र्यातून जाताना ती नळीतून न्यावी. तिच्या उगमाशी, म्हणजे घरातच, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्यावा आणि त्याचे चाचणीचे बटण वेळोवेळी दाबून पाहावे. वायर रिळावर गुंडाळलेली असल्यास पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळलेली वायर जास्त भारावर तापते. हे काम परवानाधारक विद्युत कारागिराकडूनच करून घ्यावे, आणि या वायरीचा जोड कुंपणाला कोणत्याही कारणाने देऊ नये.

दोन महिन्यांनी बॅटरी काढून ठेवताना ती पूर्ण चार्ज करूनच ठेवावी व महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चार्ज करावी. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि पुढच्या हंगामात ती भार धरत नाही.