टॅरोचे कॅट जमवण्यात आणि वाचण्यात नेमकं काय मिळतं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: कोकणात राहून टॅरोचा नाद कसा लागला, पत्त्यांतून भविष्य खरंच कळतं का, आणि नवख्याने पहिला कॅट कुठला घ्यावा. मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. माझ्या मते पत्त्यांतून भविष्य कळत नाही. टॅरोचा कॅट म्हणजे 78 चित्रपत्त्यांचा संच, आणि ते पिसल्यावर वर कुठला येईल याचा तुमच्या नोकरीशी किंवा लग्नाशी काडीचा संबंध नसतो. तरीही मी वर्षानुवर्षं हे पत्ते वाचते, परवडतील तेवढे कॅट विकत घेते, आणि कुणी मनापासून प्रश्न घेऊन आलं तर त्याच्यासमोर ते मांडते. का, ते सांगते.

सुरुवात साधीच झाली. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे घरटी कुणीतरी बोटीवर असतो. माझ्या मामेभावाने एकदा इटलीतल्या जिनोआ बंदराहून येताना एक कॅट आणला, खेळायचे पत्ते समजून. इस्पिक-बदामऐवजी त्यावर प्याले, नाणी, तलवारी आणि दांडके होते. राजा, राणी आणि गुलामाच्या जोडीला घोडेस्वार होता. शिवाय 22 वेगळेच पत्ते: चंद्र, सूर्य, उलटा टांगलेला माणूस, कोसळता बुरूज. त्याला वाटलं आपण फसलो. मला मात्र त्या चित्रांनी धरून ठेवलं.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की भाऊ फसला नव्हता. हे मुळात खेळायचेच पत्ते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या दरबारांत हा डाव खेळत असत आणि ते 22 पत्ते म्हणजे कायमचे हुकूम. फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रियात आजही त्यावर डाव रंगतात. भविष्याचा भाग फार उशिरा चिकटला. 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने जाहीर केलं की ही चित्रं म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती, ती उलगडली 1822 मध्ये. पण कल्पना लोकांना आवडली, आणि काही वर्षांतच पॅरिसमध्ये एतेया नावाचा माणूस टॅरोचे पत्ते बघून भविष्य सांगू लागला. हा इतिहास माहीत असला की कुणी 'पाच हजार वर्षांची विद्या' म्हणून पैसे मागितले तर सरळ उठून यावं.

मग वाचायचं म्हणजे काय करायचं? एक प्रसंग सांगते. आमच्या आळीतल्या एक मावशी मासळी विकतात, घरची होडी आहे. मुलगा म्हणत होता की होडीवर राबण्यापेक्षा गोव्यात हॉटेलात नोकरी धरतो. मावशींना झोप लागत नव्हती. त्यांनी एक पत्ता ओढला, तो निघाला तलवारींचा छक्का. चित्रात एक होडी आहे. डोक्यावरून पदर घ्यावा तशी गुरफटलेली बाई आणि शेजारी एक मूल, दोघं पाठमोरी. मागे उभा राहून एक माणूस लांब काठीने होडी ढकलतोय. होडीत सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. एका बाजूच्या पाण्यावर लाटा, दुसऱ्या बाजूचं पाणी सपाट.

पुस्तकात या पत्त्याचा अर्थ 'अडचणीतून निवांत जागी प्रवास' असा देतात. तो मी सांगायच्या आतच मावशींनी पत्ता हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "ह्यो वल्ह्यान जाणा नाय. बांबू तळाक टेकता हा. म्हणजे पाणी काय खोल नाय."

मी हा पत्ता कितीतरी वेळा पाहिला होता, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. खाडीत होडी ढकलणाऱ्या माणसांत ज्यांचा जन्म गेला त्यांनाच ते दिसणार. मी काही बोलले नाही. मावशी पत्त्याकडे बघत राहिल्या आणि मग स्वतःच बोलायला लागल्या. मुलगा काय दुबईला चाललेला नाही, गोवा तर इथेच, दर सुट्टीला येईल. त्याची काळजी नाहीच. काळजी आहे ती नवऱ्याची, कारण गुडघे गेलेत आणि होडीवर दुसरं माणूस नाही. मुलाच्या नोकरीबद्दल विचारायला आलेल्या बाई नवऱ्याच्या गुडघ्यांवर येऊन थांबल्या. त्यांच्या मनात ते आधीपासून होतंच, फक्त कुणापुढे बोलायला जागा नव्हती. पुढे होडी दुसऱ्याला वाट्याने चालवायला देण्याचं त्यांनी घरात काढलं. त्यात पत्त्याचं श्रेय काहीच नाही. पत्त्याने अर्धा तास बोलायला निमित्त दिलं, आणि आमच्याकडच्या बायकांना अर्ध्या तासाचं तेवढं निमित्तही सहसा मिळत नाही.

यासाठी मला दशावतार आठवतो. रात्री देवळापुढे जो दशावतार उभा राहतो त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरलेलं असतं, पात्रं ठरलेली असतात, मृदंग आणि पेटी साथीला असते, आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतो. त्याच आख्यानाचे दोन प्रयोग कधी सारखे होत नाहीत. टॅरोत चित्रं ठरलेली आहेत. बोलणं मात्र समोर बसलेल्या माणसाने त्या क्षणी रचायचं. मी फार तर मृदंगावर बसलेली.

गंमत म्हणजे मावशींच्या पत्त्यावरचं चित्र ज्या चित्रकर्तीने काढलं तीही नाटकवालीच. पामेला कोलमन स्मिथ तिचं नाव. लंडनच्या लायसियम नाटक मंडळीबरोबर ती हिंडली होती. 1909 साली ए. ई. वेट या लेखकासाठी तिने सगळा कॅट रंगवला आणि तो रायडर या प्रकाशनाने काढला. काही पत्त्यांत पात्रांच्या मागे एक सरळ आडवी रेघ दिसते, जणू पुढे रंगमंच आणि मागे रंगवलेला पडदा. तिच्या आधी बहुतेक कॅटांत आकड्यांच्या साध्या पत्त्यांवर नुसते पाच प्याले, सहा तलवारी एवढंच असायचं. अठ्ठ्या-नव्व्यांवरसुद्धा घडणारे प्रसंग तिने आणले. त्याआधीचं एक ठळक उदाहरण म्हणजे पंधराव्या शतकाअखेरचा सोला-बुस्का हा इटालियन कॅट. त्याच्या तलवारींच्या तिर्रीत हृदयात तीन तलवारी घुसलेल्या आहेत, आणि स्मिथच्या तिर्रीतही त्याच. ती नक्कल म्हणून मला खटकत नाही. जुनी मूर्ती बघून नवी घडवतात तसंच आहे ते.

या बाईंबद्दल मला आतून माया आहे. एवढ्या मोठ्या कामाचे फार थोडे पैसे मिळाले असं तिने स्वतः अल्फ्रेड स्टिगलिट्झ या छायाचित्रकाराला पत्रात कळवलं होतं. 1951 मध्ये ती गेली तेव्हा तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. कॅटाला नाव पडलं ते 'रायडर-वेट', म्हणजे प्रकाशकाचं आणि लेखकाचं. पण प्रत्येक पत्त्यात खाली कोपऱ्याकडे तिची वेलांटीसारखी वळवलेली सही आहे. तुमच्या हातात हा कॅट आला की आधी ती सही शोधा.

कॅट जमवण्याचं माझं कारणही हेच, कोण काय काढतं ते बघणं. चंद्राचा पत्ता घ्या. पाण्यातून एक शेवंडासारखा प्राणी बाहेर येतोय, वर चंद्र, खाली कुत्रा आणि लांडगा तोंड वर करून ओरडताहेत. आमच्याकडे अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पुनवेच्या पोकळ असं पोरंसोरंही सांगतात, त्यामुळे चंद्र आणि पाण्यातला जीव हे नातं मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेल्या जुन्या कॅटात मात्र हा शेवंड नाहीच, तिथे हातात चंद्रकोर धरलेली एक बाई उभी आहे. त्या कॅटाचे 74 पत्ते उरलेत, न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात काही, बर्गामोत काही. सैतान, बुरूज, तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार हे चार हरवले. सोन्याचा वर्ख दिलेल्या त्या पत्त्यांना वरच्या बाजूला भोक पाडलेलं आहे, कुणीतरी ते भिंतीला टाचले असणार. माझ्याकडे त्याची छापील प्रत आहे, आणि ते भोकसुद्धा तीत छापलंय.

आणि आता सावंतवाडीचं. टॅरोच्या पेटीत मी दशावतारी गंजिफा ठेवते याचं बऱ्याच जणांना नवल वाटतं. गंजिफा आपले गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत, मिळून 120. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीत चितारी मंडळींनी ही कला जपली. ती संपत आली होती, तेव्हा 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात काम सुरू करून तिला पुन्हा उभं केलं. आजही राजवाड्यात कारागीर बसून रंगवताना दिसतात. बारीक कुंचल्याने मत्स्याच्या अंगावरचे खवले एकेक करून काढताना मी पाहिलेत. रंग वाळल्यावर वर लाखेचं रोगण चढतं. या खेळात दिवसा रामाच्या राजाने डाव उघडतो आणि रात्री कृष्णाच्या.

इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात मामलुक सुलतानांच्या काळातले इजिप्शियन पत्ते आहेत. त्यांचे रंग प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. इटलीत पोलो कुणाला माहीत नव्हता, म्हणून काठ्यांचे दांडके झाले. आणि त्या जुन्या पत्त्यांवरच्या अरबी मजकुरात 'कंजिफा' हा शब्द सापडतो. म्हणजे जिनोआहून आलेला माझा पहिला कॅट आणि सावंतवाडीचा गंजिफा हे लांबचे का होईना, नातेवाईक निघाले. त्या दिवसापासून मी दोन्ही एकाच पेटीत ठेवते.

लोक काय विचारायला येतात, याबद्दलही सांगायला हवं. आमच्याकडे देवळात कौल लावायची रीत आहे. गुरव देवाच्या अंगावर कळे लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडचा कळा पडला की होय, डावीकडचा पडला की नाही. गाव ते मानतो आणि कामाला लागतो. त्या सवयीने माझ्याकडे येणारा माणूसही होय-नाहीचा प्रश्न घेऊन येतो: "जमीन विकू की नको?" मी सांगते की तो प्रश्न देवळातला, इथला नाही. इथे विचारायचं असेल तर "जमीन विकायची म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा का येतो" असं विचारा. सातबाऱ्यावर डझनभर नावं असलेल्या घरातल्या माणसाला या प्रश्नावर बोलायला पुष्कळ असतं. आजारपण, बाळंतपण आणि कोर्टाचा निकाल यांवर मी पत्ते मांडतच नाही, कितीही गळ घातली तरी. तिथे डॉक्टर आणि वकीलच हवेत. आणि पैसे घेत नाही. पैसे घेतले की माणसाला खूश करून पाठवायचा मोह होतो.

मृत्यूचा पत्ता निघाला की चेहरे पांढरे पडतात. तेव्हा मी बोट ठेवून दाखवते: पांढऱ्या घोड्यावर सांगाडा आहे, राजा खाली पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, आणि एक लहान मूल गुडघ्यावर बसून त्या घोड्याकडे बघतंय. सगळ्यांत कमी घाबरलेलं तेच आहे. मग विचारते, यातले तुम्ही कोण?

पहिला कॅट स्मिथच्या चित्रांचाच घ्या. प्रत्येक पत्त्यात प्रसंग असल्याने पुस्तक न उघडताही बोलता येतं. मार्सेयचा जुना फ्रेंच कॅट सुंदर आहे, पण त्याचे साधे पत्ते नवख्याला मुके वाटतात. चित्रकर्ती हॅरिस आणि गूढवादी लेखक क्रोली यांचा थॉथ नावाचा कॅट तर सावकाशीने घ्यायचा आहे. 'पहिला कॅट भेटच मिळायला हवा, विकत घेतला तर चालत नाही' असं कुणी सांगेल, त्याकडे लक्ष देऊ नका. ऑनलाइन घेताना स्वस्त नकलांपासून जपा. त्यांचा कागद पातळ असतो, रंग भडक, आणि पुस्तिकेऐवजी एक क्यूआर कोड चिकटवलेला असतो. रोज एक पत्ता काढा आणि अर्थ वाचायच्या आधी चित्रात काय काय आहे ते वहीत लिहा.

तुम्हीही किनारपट्टीवर असाल तर एवढं सांभाळा. जून लागला की पत्ते ओल धरतात, प्लॅस्टिकचा थर असलेले एकमेकांना चिकटतात आणि पिसताना गठ्ठ्याने येतात, साध्या कागदाच्यांच्या कडा फुगतात. कपड्याच्या पिशवीत ठेवलेत तर ऑगस्टपर्यंत बुरशीचे ठिपके येतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि पुड्या दमट झाल्या की बदला. पावसाळा सरला की सावलीत पसरून वारा द्या. उन्हात ठेवू नका, लाल रंग आधी उडतो.