रात्री फ्रीज बंद ठेवला तर वीज वाचते का?

नाही, म्हणावा असा फरक पडत नाही, उलट आतलं दूध वगैरे नासायची भीती. कॉम्प्रेसर तसाही सतत चालत नाही, थर्मोस्टॅट त्याला चालू-बंद करत असतो, आणि रात्रभरात आत शिरलेली उष्णता सकाळी त्यालाच एका दमात बाहेर काढावी लागते. त्यापेक्षा दाराचं रबर बघा, कागदाची पट्टी मधे धरून दार लावा आणि ओढा, अलगद सुटून आली तर तिथून गारवा गळतोय, आधी कोमट साबणाच्या पाण्याने रबर पुसून बघा कारण बऱ्याचदा नुसता चिकट मळच असतो, नाहीच जमलं तर बदला. तापमान फ्रीजला ४ आणि फ्रीझरला उणे १८ अंश पुरे. मागे भिंतीपासून थोडी जागा, जाळीवरची धूळ झटकायची (प्लग काढून!), गरम भांडं निवल्यावरच आत. डीफ्रॉस्टचं बटण असलेला फ्रीज असेल तर बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला की काढून टाका.

हां, दोन-तीन आठवडे घर बंद राहणार असेल तर मात्र रिकामा करून, कोरडा पुसून बंदच करा आणि दार किलकिलं ठेवा, नाहीतर बुरशीचा असा वास बसतो की विचारू नका.