पंख्याची ब्रॅबम: धावली एकदा, जिंकली एकदा

गेल्या अंकात फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतल्या १९७८ च्या स्वीडिश ग्रां प्रीवर एक छोटी नोंद होती. १७ जून १९७८ ला अँडरस्टॉर्पच्या ट्रॅकवर निकी लाउडाने ब्रॅबम संघाची बीटी४६बी ही गाडी जिंकवली. तिच्या पाठीला भला मोठा पंखा होता आणि त्यानंतर ती पुन्हा कधीच शर्यतीत उतरली नाही. त्या नोंदीवर बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

पंखा लावायची वेळ का आली? बाकीच्या गाड्यांना तो नव्हता. (पुणे)

कारण इंजिन आडवे आले. त्या मोसमात लोटस या प्रतिस्पर्धी संघाच्या लोटस ७९ गाडीने सगळ्यांची झोप उडवली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या पॉडखाली (बाजूच्या फुगीर भागांखाली) उलट्या विमानपंखासारखे बोगदे होते. बोगद्याच्या अरुंद जागेतून हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते. कडेला जमिनीला टेकणाऱ्या सरकत्या झालरी असल्यामुळे बाहेरची हवा आत घुसत नसे. मे महिन्यात बेल्जियममध्ये आणि जूनच्या सुरुवातीला स्पेनमध्ये लोटसचा ड्रायव्हर मारिओ आंद्रेत्ती ही गाडी घेऊन आरामात जिंकला.

ब्रॅबमचे डिझायनर गॉर्डन मरे यांना हेच करायचे होते, पण त्यांच्याकडे अल्फा रोमिओचे बारा सिलिंडरचे सपाट इंजिन होते. लोटसचे कॉसवर्थ व्ही-८ खालच्या बाजूला अरुंद असते, त्यामुळे शेजारी बोगद्यांना जागा उरते. सपाट इंजिनाचे सिलिंडर मात्र दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असतात. त्यामुळे नेमके बोगद्यांच्या जागी सिलिंडर हेड आणि एक्झॉस्टचे पाइप येतात. या इंजिनासोबत बोगदे जमणार नव्हते. मग हवेच्या वेगावर अवलंबून न राहता ती सरळ पंख्यानेच उपसायची, असा मार्ग निघाला.

कल्पना अगदी कोरी नव्हती. अमेरिकेत १९७० साली जिम हॉल यांच्या चॅपरल २जे या गाडीने कॅन-ॲम या स्पोर्ट्स कारच्या शर्यतमालिकेत दोन पंखे लावले होते. ते फिरवायला स्नोमोबाइलचे वेगळे टू-स्ट्रोक इंजिन होते. ती गाडीही लवकरच बंद पाडण्यात आली.

हवेवर परिणाम करणारे हलते भाग १९६९ पासूनच बंद होते ना? मग हिला परवानगी कशी मिळाली? (नागपूर)

मरे यांची चलाखी इथेच आहे. नियमाचा रोख अशा भागांवर होता ज्यांचे मुख्य काम हवेशी खेळण्याचे आहे. मरे यांनी रेडिएटर आडवा करून इंजिनाच्या वर ठेवला आणि पंखा त्यातून हवा ओढेल अशी मांडणी केली. म्हणजे पंखा मुळात इंजिन थंड करायला, आणि जाता जाता गाडीखालची हवाही ओढली जाते, असा युक्तिवाद. अधिकाऱ्यांनी मोजमाप केले तेव्हा निम्म्याहून जास्त हवा खरोखर थंड करण्यासाठीच जाते असे निघाले. आमच्या मते हा कायद्याचा कीस काढण्याचा उत्तम नमुना आहे, पण त्याला फसवणूक म्हणता येत नाही. कारण ब्रॅबमला थंड करण्याची अडचण खरीच होती: बीटी४६ च्या मूळ आराखड्यात रेडिएटरऐवजी गाडीच्या अंगावर उष्णता बाहेर टाकणाऱ्या सपाट पट्ट्या होत्या, त्या कमी पडल्या आणि शेवटी नाकाशी रेडिएटर बसवावे लागले होते.

लपवाछपवी मात्र भरपूर झाली. पॅडॉकमध्ये (ट्रॅकमागच्या संघांच्या आवारात) पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचे झाकण लावून ठेवत. पात्रता फेरीत खरा वेग कळू नये म्हणून टाक्या भरून गाड्या सोडल्या. तरीही ब्रॅबमचा दुसरा ड्रायव्हर जॉन वॉटसन दुसरा आणि लाउडा तिसरा आला. पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, आंद्रेत्तीकडे गेली.

पंख्याची गाडी चालवताना ड्रायव्हरला काय वेगळे जाणवते? (सांगली)

साध्या विंगचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी १६० किमी वेगाला जेवढा दाब असतो, त्याचा चौथा हिस्साच ८० ला उरतो. म्हणून हळू वळणावर विंगचा फारसा उपयोग नाही. ब्रॅबमचा पंखा गिअर आणि क्लचच्या साखळीने इंजिनाशी जोडलेला होता, त्यामुळे ओढ गाडीच्या वेगावर नव्हे, इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरे. गाडी जागेवर उभी असताना रेस दिली तरी ती स्प्रिंगवर खाली बसायची. ते पाहूनच शेजारच्या पिटमधले लोक धास्तावले.

यातून सवय उलटी करावी लागते. वळणात मागचा भाग घसरू लागला की माणूस सहज पाय उचलतो. इथे पाय उचलला की फेऱ्या पडतात, पंखा मंदावतो आणि पकड नेमकी हवी तेव्हाच जाते. वळणात गॅस देतच राहायचा, हे लाउडाला शिकावे लागले. शिवाय वळणात मानेवर पडणारा बाजूचा ताणही वाढला.

शर्यत सरळ जिंकली की नशिबाने? (ठाणे)

सत्तर फेऱ्यांपैकी पहिल्या ३८ आंद्रेत्ती पुढे होता आणि लाउडा त्याच्या मागे चिकटून होता. वॉटसनची गाडी थ्रॉटल अडकल्याने १९ व्या फेरीत बाद झाली. दुसऱ्या एका गाडीचे तेल रस्त्यावर सांडले तेव्हा बाकीचे सावध झाले, पण पंख्याच्या गाडीला त्या घसरड्याचा फारसा फरक पडला नाही. ३९ व्या फेरीपासून लाउडा पुढे गेला. थोड्याच वेळात आंद्रेत्तीचे इंजिन गेले. दुसरा आलेला ॲरोज संघाचा रिकार्दो पात्रेझे लाउडापेक्षा ३४ सेकंदांहून जास्त मागे होता, आणि त्याच्या पाठोपाठ लोटसचा रॉनी पीटरसन. शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरीही लाउडाचीच.

पुढे बंदी आली म्हणजे निकालही रद्द झाला असेल. (कोल्हापूर)

नाही, हा गैरसमज बराच पसरलेला आहे. नऊ गुण आणि विजय दोन्ही लाउडाच्या नावावर आजही आहेत. तक्रार होती की पंखा मागच्यांवर खडे आणि धूळ फेकतो. पण खरी भीती ही होती की सगळ्यांनाच नव्या गाड्या बांधाव्या लागतील. संघाचे मालक बर्नी एक्लस्टन हे संघमालकांच्या संघटनेचेही पुढारी होते आणि तिथली एकी त्यांना एका गाडीपेक्षा मोलाची वाटली. त्यांनी गाडी मागे घेतली आणि मग नियमच बदलले. फ्रान्सला पुढच्या शर्यतीत ब्रॅबम साध्या बीटी४६ घेऊनच आली.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी पंख्याच्या गाडीचे चालते मॉडेल करायचे आहे. काय लागेल, आणि कुठे फसते? (नाशिक)

आधी हिशेब. एक चौरस मीटर तळाखालचा दाब वातावरणापेक्षा फक्त १ टक्का कमी केला, तरी सुमारे १०० किलोचा भार मिळतो. १:१० मापाच्या रिमोट गाडीचा तळ ४० × १८ सेंमी, म्हणजे ०.०७२ चौ. मी. धरा. तळाखालच्या पोकळीत ३०० पास्कल (दाबाचे एकक) दाब कमी ठेवता आला तर जवळजवळ २.२ किलोचा भार येतो. अशी गाडी सगळे सामान धरून १.८ किलोच्या आसपास असते, म्हणजे टायरवरचा भार दुपटीहून जास्त होतो.

सामान: ५० मिमीचा डक्टेड फॅन (नळीत बसवलेला छोटा वेगवान पंखा), ११.१ व्होल्टची २२०० एमएएच लिथियम-पॉलिमर बॅटरी, मोटरचा वेग ठरवणारा ४० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, तळासाठी ३ मिमी सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) आणि झालरीसाठी ओएचपी शीटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) पट्ट्या. पंख्याचा कंट्रोलर रिमोटच्या वेगळ्या चॅनलवर ठेवा, चाकांच्या मोटरशी जोडू नका.

बहुतेक मॉडेल झालरीत फसतात. ३०० पास्कलला फटीतून हवा सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने आत घुसते. तळाचा घेर १.१६ मीटर आहे. फट २ मिमी असेल तर सेकंदाला साधारण ३० लिटर हवा गळते, तेवढी हा पंखा उपसू शकतो. फट ५ मिमी झाली की गळती ७५ लिटरच्या पुढे जाते आणि दाब कोसळतो. म्हणून झालर वरून सैल हवी, स्वतःच्या वजनाने जमिनीवर सरकणारी. कडक चिकटवलेली झालर खडबडीत फरशीला अडकते आणि दुमडते.

उलट टोकही वाईट. झालर चारी बाजूंनी पूर्ण बंद झाली की हवेचा प्रवाह थांबतो. डक्टेड फॅनची मोटर त्याच हवेने थंड होते, त्यामुळे ती अर्ध्या मिनिटात तापू शकते. एक-दीड मिमीची फट मुद्दाम राहू द्या. स्प्रिंगही कडक बसवा, नाहीतर गाडी खाली ओढली जाऊन तळच जमिनीला टेकेल.

पंख्याचे तोंड तळाच्या मध्यावर घ्या. पोकळी फक्त मागच्या अर्ध्या भागात केली तर मागची चाके घट्ट बसतात, पुढची हलकी राहतात आणि गाडी वळतच नाही.

दाब मोजायला महागडे यंत्र नको. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब यू आकारात टांगा, तिच्यात पाणी भरा आणि एक टोक तळाच्या छिद्राला जोडा. दोन पातळ्यांत ३ सेंमी फरक आला की ३०० पास्कल झाले. मग बॅग तोलायचा हुकचा काटा लावून गाडी आडवी ओढा, पंखा बंद असताना आणि चालू असताना. दोन आकड्यांतला फरक हाच प्रकल्पाच्या अहवालातला मुख्य तक्ता.

पंखा २५-३० अँपिअर खातो, तेव्हा साडेतीन मिनिटांनंतर थांबा. लिथियम बॅटरी पूर्ण उतरली की बिघडते. तोंडावर ३-४ मिमीची जाळी आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण पाते खडा गिळून तुटले तर तुकडे बंदुकीच्या छऱ्यासारखे येतात.

सहा चाकांची टायरेल याच ट्रॅकवर जिंकली होती का? (रत्नागिरी)

होय, १३ जून १९७६ ला. जोडी शेक्टर पहिला, पात्रिक दपाये दुसरा, दोघेही टायरेल संघाच्या सहा चाकी पी३४ मध्ये. गाडीच्या पुढच्या बाजूला १० इंची चार चाके होती. ती नाकाच्या आडोशाला बसत आणि रस्त्याला चार ठिकाणी टेकत. फॉर्म्युला वनमध्ये सहा चाकांच्या गाडीचा हा एकमेव विजय. नंतर टायर बनवणारे गुडइयर इतर गाड्यांचे मोठे टायर सुधारत गेले आणि १० इंची टायर जिथल्या तिथे राहिले. १९७७ च्या अखेरीस टायरेलने चार चाकांकडे परतायचे ठरवले.