बाहेर काढलेला, बंदी घातलेला आणि निलंबित

प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचक बाईंचा आहे. मुलामुळे घरात बेसबॉल आला, आणि साताऱ्यातल्या आईला फोनवर सामन्याच्या गमतीजमती सांगायची सवयही लागली. एकदा त्यांनी सांगितलं, "काल दोघांची मारामारी झाली, दोघेही निलंबित झाले." जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या आईने लगेच विचारलं, "मग चौकशी कधी आहे?" बाईंचं म्हणणं असं, की इजेक्शन (चालू सामन्यातून बाहेर काढणं) आणि सस्पेन्शन (पुढच्या सामन्यांची बंदी) या दोन्हींना त्या 'निलंबन'च म्हणत आल्या आहेत. ते चुकतं का? आणि अख्खा संघ धावून येतो त्या भांडणाला काय म्हणावं?

आईंनी नेमकं बोट ठेवलं आहे. निलंबन या शब्दात लम्ब् धातू आहे, ज्यातून विलंब आणि अवलंबून हे शब्द येतात. लोंबतं ठेवणं, टांगणं हा मूळ अर्थ. सरकारी नोकरीत तो अर्थ अजून शाबूत आहे. निलंबित कर्मचाऱ्याला शिक्षा झालेली नसते. चौकशी व्हायची असते, तोवर त्याला कामापासून दूर ठेवतात, निर्वाह भत्ता देतात. निकाल टांगलेला आणि माणूस घरी.

बेसबॉलमध्ये चित्र थेट उलटं आहे. शिक्षा आधी जाहीर होते. खेळाडूने अपील केलं की निकाल लागेपर्यंत तो खेळत राहतो. निकाल टांगलेला आणि माणूस मैदानावर! म्हणून मला तिथे 'निलंबन' खटकतं. विधिमंडळात आमदारांचं निलंबन ही शिक्षाच असते, हे मान्य. पण रोजच्या बोलण्यात या शब्दाला चौकशीची शेपटी चिकटलेली आहे, ती सहज सुटत नाही.

एक खरा प्रसंग घेऊ. ५ ऑगस्ट २०२३, क्लीव्हलँड. गार्डियन्सचा होसे रामिरेझ दुसऱ्या बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यावर) सूर मारून पोचला आणि व्हाइट सॉक्सच्या टिम अँडरसनच्या पायांमध्ये येऊन थांबला. तो उठता उठता बाचाबाची सुरू झाली. मग दोघांनी बॉक्सिंगच्या रिंगणात घ्याव्यात तशा मुठी उगारल्या, आणि रामिरेझच्या एका ठोशाने अँडरसन खाली पडला. दोन्ही संघ धावून आले. पंचांनी सहा जणांना बाहेर काढलं, त्यांत दोन्ही संघांचे मॅनेजरही होते. (बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे मुख्य प्रशिक्षक. त्याला 'व्यवस्थापक' लिहिलं की मराठी वाचकाला हॉटेलचं बुकिंग करणारा माणूस दिसतो.) हे सगळं त्याच दिवशी, त्याच मैदानावर घडलं. दोन दिवसांनी मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, कार्यालयाने अँडरसनवर सहा आणि रामिरेझवर तीन सामन्यांची बंदी घातली. पुढे अपिलात त्या पाच आणि दोन झाल्या.

म्हणजे गोष्टी दोन, आणि त्या करणारे हातही दोन. पहिली पंचाची. नियमपुस्तकाने गैरवर्तन करणाऱ्याला त्या सामन्यातून काढून टाकायचा अधिकार प्रत्येक पंचाला दिला आहे. काढलेल्याने ताबडतोब मैदान सोडायचं. ड्रेसिंग रूममध्ये बसायचं, किंवा साधे कपडे घालून घरी जायचं, नाहीतर आपल्या संघापासून लांब प्रेक्षकांत बसायचं. १९९९ मध्ये मेट्स संघाचे मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाइन असेच बाहेर काढले गेले आणि खोट्या मिशा लावून डगआउटजवळ (मैदानाच्या कडेला संघ बसतो ती जागा) परत आले. लीगने त्यांच्यावर बंदीही घातली आणि दंडही केला.

याला हौसेने 'हकालपट्टी' लिहितात. मला तो शब्द इथे फार मोठा वाटतो. हकालपट्टी पक्षातून होते, मंत्रिमंडळातून होते, आणि ती झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी परत येत नाही. इथे तर येतो. 'बाहेरचा रस्ता दाखवला' यातही तीच अडचण. 'बाद केलं' तर क्रिकेटने कधीच अडवून ठेवलं आहे. साधं 'सामन्यातून बाहेर काढलं' हे सगळ्यात नेमकं. त्यात किती काळासाठी, हेही येऊन जातं.

दुसरी गोष्ट कार्यालयाची: दंड आणि बंदी. क्रिकेटच्या बातम्यांनी 'एका सामन्याची बंदी' ही रचना मराठीत रुळवली आहे, तीच उचलावी. फक्त आकडा आणि 'सामने' हे शब्द गाळू नयेत, कारण सगळं वजन तिथे आहे. सुरुवातीला गोलंदाजी करणारा पिचर साधारण दर पाचव्या-सहाव्या दिवशी उतरतो. त्याच्यावरची पाच सामन्यांची बंदी म्हणजे फार तर एक पाळी चुकणं. रोज खेळणाऱ्याचे मात्र पाचही सामने जातात. शिवाय मैदानावरच्या गैरवर्तनासाठी बंदी असेल तर त्याच्या जागी दुसरा घेता येत नाही, संघाला तेवढे दिवस एक माणूस कमी घेऊन चालवावं लागतं.

आता भांडण. इथे मराठी इतकी श्रीमंत आहे, की उसना शब्द लागूच नये. बाचाबाची तोंडाची. हमरीतुमरी तिच्या पुढची पायरी, 'अरे'ला 'का रे'. धक्काबुक्कीत हात आले, आणि मूठ नेमकी लागू लागली की गुद्दागुद्दी. डगआउट रिकामे होतात तेव्हा बहुतेक वेळा गाडी धक्काबुक्कीवर थांबते, निम्मे लोक तर दुसऱ्याला धरून ठेवायलाच आलेले असतात. त्याला सरसकट 'तुंबळ हाणामारी' लिहिणं अन्यायाचं आहे. १९६५ मध्ये हुआन मारिशालने जॉन रोझबोरोच्या डोक्यात बॅट घातली, तो शब्द तिथे शोभतो. 'दोन्ही संघ मैदानात उतरले' असंही लिहू नये, त्याचा अर्थ खेळ सुरू झाला असा होतो. 'धावून आले' म्हणावं. आणि चेंडू अंगावर बसला म्हणून फलंदाज पिचरकडे सुटतो, त्याला 'अंगावर धावून गेला' हा वाक्प्रचार जणू बेसबॉलसाठीच घडवल्यासारखा आहे. १९९३ मध्ये रॉबिन व्हेंचुरा असा नोलन रायनच्या अंगावर धावून गेला. सेहेचाळीस वर्षांच्या रायनने त्याची मान बगलेत धरून डोक्यावर ठोसे लगावले. बाहेर काढलं गेलं व्हेंचुराला, रायन पुढे गोलंदाजी करत राहिला.

जाता जाता आणखी एक. पीट रोझ या नामवंत बेसबॉलपटूला १९८९ मध्ये सट्टेबाजीसाठी 'कायमचं अपात्र' ठरवलं गेलं, तेव्हा मराठीत 'आजीवन बंदी' म्हणणं सैल भाषांतर ठरलं असतं, कारण कायमचं म्हणजे मरणानंतरही. रोझ २०२४ मध्ये वारला. मे २०२५ मध्ये मेजर लीगच्या आयुक्तांनी ठरवलं, की अशी अपात्रता मृत्यूबरोबर संपते. तेव्हापासून 'आजीवन' हाच बरोबर शब्द झाला आहे.

आईंना पुढच्या फोनवर असं सांगता येईल: "दोघांची गुद्दागुद्दी झाली, पंचांनी दोघांना बाहेर काढलं. मग एकावर सहा आणि दुसऱ्यावर तीन सामन्यांची बंदी आली. दोघांनी अपील केलंय, तोवर खेळतायत."