साधा ब्रेड घरी मऊ होतो, पण नाचणी किंवा ज्वारीचं पीठ घातलं की वीट होते. काय चुकतं?

तुम्ही लिहिलंय की मैदा आणि नाचणी निम्मं-निम्मं घेतलं, यीस्ट ताजं होतं, पीठ वर आलंही, पण भट्टीत मधोमध बसलं आणि दुसऱ्या दिवशी स्लाइस कापताना भुगा झाला. म्हणजे यीस्टचं काही चुकलेलं नाही. ब्रेड फुगतोय, पण फुगलेलं धरून ठेवायला आत काही नाही.

मी सोलापूरचा. इथे घराघरात ज्वारी असते, त्यामुळे मीही पहिल्या ब्रेडमध्ये मोठ्या उत्साहाने मालदांडीचं पीठ घातलं होतं. तीन वेळा वीट झाली. तिसरी तर गाईनेही हुंगून सोडून दिली.

कारण तुम्हाला ठाऊक असेलच, तरी थोडक्यात सांगतो. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी लागलं आणि पीठ तिंबलं की त्यांचं ताणलं जाणारं जाळं तयार होतं, तेच ग्लूटेन. यीस्टचा वायू त्या जाळ्यात अडकतो. नाचणी, ज्वारी, बाजरी यांत हे जाळं विणणारं काहीच नाही. निम्मं पीठ नाचणीचं घेतलं तर निम्मं जाळंच गेलं. शिवाय नाचणीचा कोंडा उरलेल्या जाळ्याला भोकं पाडतो आणि पाणी सावकाश पीत राहतो. तिंबताना ठीक वाटलेलं पीठ भट्टीत जाईपर्यंत कोरडं पडतं.

यावर उपाय म्हणून लोक दूध वाढवतात, अंडं घालतात, कोणी विकतची ग्लूटेन पावडर घालतात. ती पावडर मी दोनदा वापरली. ब्रेड उंच झाला, पण चावताना रबरासारखा. मला नाही आवडला.

खरा उपाय मला भाकरीच्या परातीत सापडला. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. मग घरात काय करतात? आधणाचं पाणी घालून पीठ मळतात. तांदळाच्या भाकरीला आणि मोदकाला तर उकड काढल्याशिवाय चालतच नाही. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, पाणी धरून बसतो आणि पिठाला चिकटपणा येतो. ब्रेडमध्येही नेमकं हेच हवंय. नाचणी कोरडी घालायचीच नाही, तिची उकड करून घालायची. जपानी लोक मैद्यावर उकळतं पाणी ओतून हेच करतात, त्याला युदाने म्हणतात. चिनी तांगझोंग म्हणजे मैद्याची पातळ खळ, साधारण ६५ अंशांपर्यंत शिजवलेली. नाव काहीही द्या, आपल्याकडे ती उकडच.

आता माझं माप. ८ बाय ४ इंचाच्या लांबट डब्यासाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम नाचणी. म्हणजे एकूण पिठाचा सातवा हिस्सा नाचणी. पहिल्यांदा एवढीच घ्या. दीडशे मिली पाणी उकळून त्यात नाचणी टाका, ढवळा, झाकण ठेवून एक वाफ आणा, गॅस बंद. पूर्ण गार होऊ द्या. घाईत कोमट उकड घातली तर पीठ गरम होतं आणि यीस्ट नको इतकं सुटतं.

गार उकडीत मैदा, कणीक, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, २५ ग्रॅम साखर, ६ ग्रॅम मीठ आणि १०० मिली दूध. आणखी २० मिली दूध हाताशी ठेवा, कणीक कोणत्या गव्हाची आणि कुठे दळलेली यावर ते लागेल किंवा लागणार नाही. दूध तापवून गार केलेलं हवं, कारण न उकळलेल्या दुधातली काही प्रथिनं ग्लूटेन सैल करतात. परदेशी पाककृतींत हे मुद्दाम लिहावं लागतं. आपल्याकडे न तापवलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवलं तर घरात बोलणी बसतात, त्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटलेला आहे.

एवढं कालवून अर्धा तास नुसतं झाकून ठेवा, कोंडा भिजू दे. मग तिंबायला घ्या. पीठ हाताला चिकटणार, परातीला चिकटणार, आणि तुम्हाला वरून मूठभर मैदा भुरभुरवायचा मोह होणार. घालू नका. बहुतेक ब्रेड इथेच कडक होतात. हाताला पाणी लावा, नाहीतर पीठ उचलून ओट्यावर आपटा, लांबवा, दुमडा, पुन्हा आपटा. सातआठ मिनिटांनी ते ओटा सोडायला लागतं. तेव्हा ३० ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं करून जिरवा. लोणी घातल्यावर पुन्हा सगळं बिघडल्यासारखं दिसतं, घाबरू नका, आणखी पाचसात मिनिटं तिंबा. पुरणपोळीची कणीक दोन बोटांत ताणली की कशी पापुद्र्यासारखी पसरते, तशी पसरायला हवी. नाचणीमुळे तितका पातळ पापुद्रा येणार नाही, करड्या ठिपक्यांचा थोडा जाडसर येईल. तेवढा पुरे.

पहिल्यांदा दुप्पट होऊ द्या, मग हवा काढून, लाटून, घट्ट गुंडाळी करून तूप लावलेल्या डब्यात. घड्याळ बघू नका. आमच्याकडे एप्रिलमध्ये पाऊण तासाच्या आत पीठ फसफसून ताडीसारखा वास येतो, म्हणून उन्हाळ्यात मी दूध फ्रिजमधलं घेतो. थंडीत तेच पीठ दोन तास घेतं. डब्यात गुंडाळी काठाच्या बोटभर वर आली की लगेच भट्टीत. तुमचा ब्रेड मधे बसला त्यात हाही एक भाग असणार. धान्याचं पीठ असलं की दुसऱ्या फुगण्यात थोडं आधीच थांबायचं. ओल्या बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू, अर्धवट भरून आला पाहिजे. भरलाच नाही तर उशीर झाला.

१८० अंशांवर ३५ मिनिटं, डबा खालच्या जाळीवर. ओटीजी लहान असेल तर वीस मिनिटांनी वर फॉइल टाका. बाहेर काढल्यावर वरून लोणी फिरवा, डब्यातून काढून जाळीवर ठेवा, पातळ फडकं टाका आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावू नका. गरम कापला की उत्तम ब्रेडचाही लगदा होतो. मी रात्री भाजतो आणि सकाळी कापतो, म्हणजे मोहाचा प्रश्न येत नाही.

हा जमला की प्रयोग करा. ज्वारीची उकड याच मापाने, एकूण पिठाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत मजेत चालते, चव सौम्य आणि रंगही छान. बाजरीचं पीठ त्याच दिवशी दळलेलं असेल तरच घ्या. तिच्यातल्या तेलामुळे ते लवकर कडवट होतं आणि तो कडवटपणा ब्रेडमध्ये लपत नाही. खपली गहू मला आवडतो, पण त्याचं ग्लूटेन नाजूक, फार तिंबलं तर पीठ ओघळतं. त्याची खीरच करावी असं माझं मत. उपासाची शिजवलेली भगर उरली असेल तर चार चमचे कुस्करून घाला. उकड काढायचा खटाटोपही वाचतो आणि ब्रेड इतका मऊ होतो की घरच्यांनी विचारलं, आज मैदा वाढवलास का? जवस किंवा तीळ घालायचे तर आदल्या रात्री भिजवून, नाहीतर ते पिठातलं पाणी ओढतात.

एक फसलेला प्रयोग मात्र सांगायलाच हवा. भाचीच्या बाळासाठी मोड आणून, वाळवून दळलेली नाचणी घरात होती. म्हटलं, जास्त पौष्टिक. उकड काढायला घेतली तर ती घट्ट होईचना. ढवळतोय, ढवळतोय, आणि पातेल्यात आपली आंबील. तरी हट्टाने ब्रेड केला. बाहेरून सुंदर, आतून सुरीला डिंकासारखा चिकटला. मोड आले की दाण्यात अमायलेज हे विकर वाढतं आणि ते स्टार्च तोडतं. बाळाची खीर त्यामुळेच पातळ राहते आणि तिच्यात जास्त पीठ मावतं. बाळासाठी गुण, ब्रेडसाठी अवगुण. तुमच्या डब्यात ‘नाचणी सत्त्व’ असेल तर आधी हे तपासा. साधी नाचणी दळून आणा.

बेकरीतल्या ब्राउन ब्रेडशी तुलना करत असाल तर पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. कित्येकांत तो रंग १५० क्रमांकाच्या कॅरॅमलचा असतो, धान्याचा नव्हे. नाचणीचा खरा ब्रेड ओल्या मातीच्या रंगाचा दिसतो. आमच्याकडच्या लहानांनी त्याला ‘चिखलपाव’ नाव ठेवलंय, आणि चटणी-काकडी लावून दोन दिवसांत संपवतातही.

फ्रिजमध्ये तेवढा ठेवू नका. तिथल्या थंडीत स्टार्च पुन्हा लवकर घट्ट होतो आणि ब्रेड बाहेरच्यापेक्षा आधी शिळा होतो. दोन दिवसांचा डब्यात बाहेर, बाकीचा कापून थेट फ्रीजरमध्ये. लागेल तशी स्लाइस काढून तव्यावर टाका, थोडं तूप सोडून.